विसार देण्यापूर्वी

जमीनजुमल्याच्या व्यवहारात फसतो तो अडाणी, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. परंतु माझ्या मामांची सारी हयात महसूल खात्यात गेलेली, अव्वल कारकुनाच्या जागेवरून ते निवृत्त झालेले, आणि सातबाऱ्याचा उतारा लावून घेण्यासाठी पंचक्रोशीतील माणसे त्यांच्या ओसरीवर येऊन बसत असत. तरीही स्वतःकरिता थोडी बागायत घेताना त्यांनी विसार दिला, खरेदीखत रीतसर नोंदविले, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच विकणाऱ्याच्या धाकट्या भावाने व बहिणींनी गुदरलेल्या दिवाणी दाव्यात मनाई हुकूम त्यांच्या हाती पडला.

उताऱ्यावर विकणाऱ्याचे नाव होते आणि नावाच्या शेवटी ‘ए.कु.मॅ.’ ही तोकडी अक्षरे होती. ही नोंद एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून आहे, जमीन एकट्याची नव्हे, हे मामांनी झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते. त्या दिवशी मात्र ते विचारणारा माणूसही जवळ नव्हता आणि तपासायच्या बाबींची लिहिलेली यादीही नव्हती. मुहूर्ताची घाई, मध्यस्थाची लगबग आणि चहाचा आग्रह यांच्या गर्दीत मुरलेल्या माणसाची नजर ओळखीच्या कागदावरून घसरत जाते. नवखा निदान एकेक अक्षर लावून वाचतो. यादीची निकड जाणत्यालाच अधिक, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

ही यादी बोलणी सुरू होण्यापूर्वी, घरी बसून लिहावी. एका बाजूस बाब, आणि दुसऱ्या बाजूस तो कागद कोणी व कोणत्या तारखेस पाहिला याचा शेरा. सातबारा व आठ-अ ताजे असावेत, हे सगळेच सांगतात. परंतु हस्तलिखित सातबाऱ्यावर वर्तुळात जे फेरफारांचे क्रमांक दिसतात, त्या प्रत्येकाची नक्कल काढून वाचणारे थोडे, आणि वारस कोण, वाटणी झाली की नाही, याचा उलगडा तर तेथेच होतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला असल्याने, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची बाब स्वतंत्र ओळीत मांडावी. इतर हक्कांच्या रकान्यातील सोसायटीचा बोजा, भोगवटादार वर्ग 2, कुळकायद्याच्या कलम 43 ची अट, निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध, यांतील एकही बाब तोंडी आश्वासनावर सोडू नये. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घेऊन स्वतः बांधावर जावे व लगतच्या कब्जेदारांशी बोलावे. कारण कित्येकदा रस्ता कागदावर असतो आणि जागेवर निवडुंग.

दुय्यम निबंधक दस्त नोंदतो. विकणारा खरा मालक आहे किंवा नाही, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय 1908 च्या नोंदणी कायद्याने सही झाल्यापासून दस्त हजर करण्यास चार महिन्यांची मुदत दिलेली आहे. तेव्हा ‘आजच्या आज’ असा धोशा लावणाऱ्याची घाई ही कायद्याची नसून त्याची स्वतःची असते, हे ओळखावे.

विसार देण्यापूर्वी ही यादी घरातील एखाद्या चिकित्सक माणसाकडून (आमच्याकडे हा अधिकार आता मामींचा आहे) मोठ्याने वाचून घ्यावी, आणि एका जरी बाबीपुढचा शेरा कोरा असेल, तरी पैसे घेऊन सरळ घरी परतावे.