आधी गाळा, मग बोला



आजचा श्लोक श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातला, अध्याय १८, श्लोक १६. श्रीकृष्ण उद्धवाला संन्याशाने कसं वागावं ते सांगताहेत. अर्थ अगदी घरगुती आहे. पाऊल टाकायचं ते डोळ्यांनी जागा पाहून. पाणी प्यायचं ते कापडातून गाळून. बोलायचं ते सत्यातून गाळून. आणि वागायचं ते मनातून गाळून. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातही जवळपास हेच आलं आहे. पैठणच्या नाथांनी ज्या स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं, तो हाच स्कंध.

हा श्लोक मी संन्याशांसाठी म्हणून वाचून पुढे गेलो असतो. पण एक गोष्ट घडली.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात बसमध्ये बसल्या बसल्या मी कळमनुरीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे ढकलला. आमच्या गल्लीतले एक काका घरची हळद दळून विकतात. त्या हळदीत रंग असतो, असं त्यात लिहिलं होतं. कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, काही पाहिलं नाही. उलट वर ‘काळजी घ्या’ असं माझं वाक्य जोडलं. काकांनी हळद तपासून आणली, काही निघालं नाही. पण तोवर ऐन लग्नसराईतलं गिऱ्हाईक गेलं होतं. आणि खुलासा काही कुणी फॉरवर्ड केला नाही.

गावी गेलो तेव्हा आजी माठाच्या तोंडाला फडकं लावून पाणी ओतत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “पाणी गाळून पेतूस ना? मंग ते हळदीचं कामून न गाळता दिलंस लोकायला?”

मला उत्तर सुचलं नाही. आज जे लिहितोय ते त्या प्रश्नाचंच उत्तर समजा.

आपल्या घरातले शब्द

मराठीत स्वच्छ करण्याला एक शब्द नाही. जशी वस्तू, तसा शब्द.

गाळणे: चहा, पाणी, ताक. पातळ खाली जातं, चोथा वर राहतो. औषधाचं चूर्ण अगदी बारीक हवं असेल तर ते वस्त्रगाळ करतात.

चाळणे: पीठ, रवा. बारीक आणि जाडं वेगळं होतं. पण आपण पुस्तकही ‘चाळतो’, म्हणजे नुसती पानं उलटतो!

पाखडणे: सुपात धान्य घेऊन. फोलपट हलकं असतं, ते उडतं. दाणा सुपात राहतो.

निवडणे: तांदळातले खडे, मेथीची पानं. याला घरी डोळे आणि बोटंच लागतात. निवडणूक हा शब्द याच घरातला.

निवळणे: हे आपण करत नाही, ते होतं. पावसाळ्यात कयाधूचं गढूळ पाणी भांड्यात भरून ठेवा, गाळ आपोआप तळाला बसतो. फक्त भांडं हलवायचं नाही.

पवित्र म्हणजे काय?

श्लोकात चारही ठिकाणी ‘पूत’ हा शब्द आहे. धातू ‘पू’, म्हणजे शुद्ध करणे. पावन, पवन, पवित्र हे सगळे त्याचेच. ‘पवित्र’ हे मुळात साधनाचं नाव आहे. ज्याने खणतात ते खनित्र, तसं ज्याने शुद्ध करतात ते पवित्र. ऋग्वेदात सोमरस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळायचे, त्या गाळणीलाच पवित्र म्हटलं आहे. पूजेत गुरुजी बोटात दर्भाचं पवित्र घालायला लावतात, तोही हाच शब्द. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, ७१ व्या सूक्तात तर म्हटलं आहे की ज्ञानी लोकांनी सातूचं पीठ चाळावं तशी मनाने वाणी चाळून घेतली.

म्हणजे पवित्र माणूस म्हणजे ज्याला कधी मळ लागत नाही तो नव्हे. ज्याच्याजवळ गाळणी आहे आणि जो ती रोज वापरतो, तो. मला यात फार धीर वाटतो.

फडक्याची ताकद

“एवढ्याशा फडक्याने काय होतं?” असं वाटेल. आजीच्या पिढीला नारू माहीत होता. पाण्यातल्या बारीक सायक्लोप्समधून तो पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. त्यावर ना लस, ना नेमकं औषध. विहिरींची सुधारणा, लोकांना समजावणं आणि पाणी कापडातून गाळणं, यांवरच तो हटला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. साधा नेम, पण सगळ्यांनी पाळलेला.

दोन धोके

पहिला: गाळणे म्हणजे वगळणेही. शाळेत ‘गाळलेल्या जागा भरा’ असायचं ना? आपल्या सोयीचं तेवढं ठेवून बाकी गाळलं, तर ते सत्यातून गाळणं नव्हे, सत्यच गाळणं झालं.

दुसरा: ‘मनःपूत’. श्लोकात अर्थ आहे, मनाने पारखून शुद्ध केलेलं. मराठीत आपण ‘मनःपूत खाल्लं’, ‘मनःपूत वागला’ म्हणतो, म्हणजे मनाला येईल तसं. शब्द तोच, त्यातली गाळणी मात्र हरवली.

आजचा नेम

आज एखादा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे करून पाहू:

१. थोडा वेळ थांबा. मनातला राग, भीती निवळू द्या.
२. पाहिलेलं आणि ऐकलेलं, खडे निवडावेत तसं वेगळं करा.
३. भडक विशेषणं पाखडून टाका. (नाहीतर आपणच आग पाखडत बसू!)
४. उरलं ते खरं आहे का, आणि कुणाच्या हिताचं आहे का, ते विचारा. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगताना सत्यासोबत प्रिय आणि हितकारकही म्हटलं आहे, आणि कुणाला उद्विग्न न करणारंही.

मी काकांकडे गेलो, माफी मागितली आणि त्याच ग्रुपवर माझ्या नावाने चूक लिहिली. काका रागावले नाहीत. “तू तरी आलास,” एवढंच म्हणाले. गेलेलं गिऱ्हाईक त्यामुळे परत आलं असं नाही. म्हणून तर गाळायचं ते आधी.

राम कृष्ण हरी!