दूरचित्रवाणीच्या नव्या पेटीकडून आपल्या अपेक्षा

गेल्या दिवाळीच्या सुटीत गावी गेलो असता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने आईसाठी टीव्हीला जोडायची एक लहानशी पेटी घेऊन दिली होती. इंटरनेटवरून मालिका, चित्रपट, कीर्तने, बातम्या असे सारे काही पडद्यावर आणणारी ती पेटी. पेटी टीव्हीखाली जागच्या जागी होती. रिमोट मात्र कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. “आई, तू पाहत नाहीस का हल्ली?” असे मी विचारले. “नाही रे, मला आता पाहावंसंच वाटत नाही,” असे ती म्हणाली, आणि मीही तेवढ्यावर समाधान मानले.

खरा प्रकार शेजारच्या काकूंकडून कळला. एके संध्याकाळी पडद्यावर इंग्रजीतून कसलीशी सूचना आली. आईने दोन-चार बटणे दाबून पाहिली. सूचना काही हलेना. आपल्या हातून वस्तू बिघडली, मुलगा काय म्हणेल, या धास्तीने तिने रिमोट गुंडाळून ठेवला आणि पाहण्याची इच्छाच नसल्याचे सांगू लागली. मी पेटी लावून पाहिली तेव्हा सूचना एवढीच होती, की सेवेच्या अटी बदलल्या आहेत, त्या मान्य आहेत का? एक बटण दाबायचे होते. त्या एका बटणापायी पाच महिने आईची संध्याकाळ सुनी गेली होती.

मी भाषेचा शिक्षक. यंत्रशास्त्राशी माझा संबंध बेताचाच. पण त्या दिवसापासून मी या पेट्यांविषयी जमेल तेवढे वाचले, चार जाणकारांना विचारले. पुढच्या पिढीच्या पेटीने काय द्यावे, याविषयी माझ्या मनात जे विचार आले ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. पेटी नेमके काय करते?

अपेक्षा सांगण्यापूर्वी या पेटीचे काम समजून घेतले पाहिजे. ते ढोबळमानाने चार प्रकारचे आहे. पहिले काम आणण्याचे. चित्रपट सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रतींत तयार ठेवलेला असतो. इंटरनेटचा वेग पाहून पेटी त्यातली झेपेल ती प्रत मागवते. मध्येच चित्र धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते, त्याचे कारण हेच. दुसरे काम कुलूप उघडण्याचे. चोरी होऊ नये म्हणून हे तुकडे कुलूपबंद येतात आणि त्याची किल्ली केवळ मान्यताप्राप्त पेटीला मिळते. तिसरे काम उलगडण्याचे. गादी दाबून, बांधून प्रवासाला न्यावी तसे चित्र आकुंचित करून पाठवलेले असते. ते पेटीने पुन्हा पसरायचे. चौथे काम म्हणजे पसरलेले चित्र केबलमधून टीव्हीला देणे.

यांतले उलगडण्याचे काम विशेष महत्त्वाचे आहे. चित्र बांधण्याच्या रीती, म्हणजे कोडेक, काळानुसार बदलत गेल्या. एच.२६४ ही रीत २००३ मध्ये आली, एचईव्हीसी २०१३ मध्ये, तर एव्ही१ ही खुली रीत २०१८ मध्ये. प्रत्येक नवी रीत गाठोडे आणखी लहान करते. परंतु ते झरझर सोडण्याचे कसब पेटीतल्या चिपमध्येच कोरलेले लागते. ते मागाहून शिकवता येत नाही. पेट्या लवकर जुन्या होण्याचे एक कारण येथे आहे.

२. थोडा इतिहास

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या काळात घरोघर आलेले लाकडी कपाटाचे, सरकत्या दारांचे संच अनेकांना आठवत असतील. त्यांना बटणे दोन-तीनच. फिरवले की खट्ट आवाज होई आणि काही क्षणांत चित्र येई. आजीपासून नातवापर्यंत कोणीही तो संच लावू शके.

इंटरनेटवरून चित्र आणणाऱ्या पेट्यांचा काळ त्यानंतर तीन-साडेतीन दशकांनी आला. अमेरिकेत नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी ॲपल टीव्ही ही पेटी बाजारात आली. तिच्यात ४० जीबीची हार्ड डिस्क होती. २००८ मध्ये रोकूची पेटी ९९ डॉलरला निघाली. २०१३ मध्ये गूगलने क्रोमकास्ट हे बोटभर लांबीचे साधन केवळ ३५ डॉलरला विकण्यास काढले आणि २०१४ मध्ये ॲमेझॉनचे फायर टीव्ही आले. त्याची कांडी भारतात २०१७ च्या एप्रिलमध्ये ३,९९९ रुपयांना मिळू लागली.

या वाटचालीत पेटी लहान झाली, स्वस्त झाली, चित्र अधिकाधिक रेखीव झाले. तथापि, आठ-दहा फुटांवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना साध्या आकाराच्या टीव्हीवर यापुढची रेखीवता फारशी जाणवणार नाही. म्हणून माझे प्रतिपादन असे की, पुढच्या पेटीची परीक्षा चित्राच्या बारकाव्यावर घेऊ नये. घरातले सर्वांत वयस्क माणूस ती एकट्याने लावू शकते काय, आणि किती वर्षे लावू शकते, यावर घ्यावी.

३. पहिली अपेक्षा : दीर्घायुष्य

आमच्या जुन्या संचाने सोळा वर्षे सोबत केली. आजच्या पेट्यांना असे आयुष्य क्वचितच लाभते, आणि त्या झिजून मरतात असेही नाही. १ डिसेंबर २०१९ पासून रोकूच्या काही जुन्या पेट्यांवर नेटफ्लिक्स दिसेनासे झाले. पेट्या धडधाकट होत्या. त्यांच्यातली कुलूप उघडण्याची जुनी पद्धत तेवढी कालबाह्य झाली होती. मार्च २०२५ मधील घटना याहून बोलकी आहे. २०१५ साली निघालेली दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट साधने जगभर एकाएकी चालेनाशी झाली. त्यांच्या आत ओळखपत्रासारखे जे डिजिटल प्रमाणपत्र असते, त्याची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. मात्र आपल्या घरातल्या वस्तूच्या पोटात तिची मरणतिथी लिहिलेली असू शकते, आणि ती आपल्याला कोणी सांगत नाही, हे त्या निमित्ताने लोकांना कळले.

औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात. पेटीवर का छापू नये? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंना सुरक्षिततेच्या दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाने जाहीर केले पाहिजे. आपल्याकडेही पेटीच्या खोक्यावर ठळक मराठीत असावे : ‘अमुक सालापर्यंत ही पेटी आम्ही सांभाळू.’ दहा वर्षांचे वचन मिळाले तर चार पैसे अधिक मोजायला मी तयार आहे.

याच संदर्भात सेट टॉप बॉक्सचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. केबलवाला किंवा डिशची कंपनी बदलली की जुना बॉक्स माळ्यावर जातो. एकाचा बॉक्स दुसऱ्याकडे चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० च्या एप्रिलमध्ये केली होती. नव्या पेटीच्या बाबतीत हे तत्त्व आरंभापासूनच पाळले जावे.

४. दुसरी अपेक्षा : हात, डोळे आणि कान

आईच्या रिमोटवर चार बटणे निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांची आहेत. त्या सेवांपैकी एकही आम्ही घेतलेली नाही. चुकून बोट पडले की पैसे भरा म्हणून पाटी येते आणि आई घाबरते. रिमोटवरच्या जागा अशा विकल्या जातात. ज्याच्या हातात रिमोट आहे त्याचा विचार त्यात कोठे आहे? ती चार बटणे कोरी द्यावीत. एकावर कीर्तन, एकावर बातम्या, एकावर तिची मालिका, आणि चौथे ‘मागे, मूळ जागी’. माझ्या समजुतीप्रमाणे एवढ्याने निम्मे काम होईल.

चांगल्या सोयी मुळीच नाहीत असे नाही. २०१३ च्या रोकू ३ पेटीच्या रिमोटलाच कानाला लावायच्या हेडफोनची जागा होती. घरात कोणाला कमी ऐकू येत असेल तर त्याने आवाज वाढवावा आणि बाकीच्यांनी कानांत बोटे घालावीत, हा प्रसंग त्याने टळतो. गूगलच्या २०२४ च्या पेटीला पाठीमागे एक बटण आहे; ते दाबले की हरवलेला रिमोट आवाज देतो. अशा सोयी महाग पेटीपुरत्या न राहता सर्वांत स्वस्त पेटीतही असाव्यात. कमी दिसणाऱ्यासाठी पडद्यावरची अक्षरे मोठी करता यावीत, अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर मराठीतून वाचून दाखवला जावा.

५. तिसरी अपेक्षा : आपली भाषा

भाषेचा शिक्षक म्हणून ही अपेक्षा मला सर्वांत जवळची वाटते. पेटीवर मराठी कार्यक्रम पुष्कळ आहेत. पण पेटी स्वतः मराठी बोलत नाही, आणि बोललीच तर अनुवादयंत्राची मराठी बोलते. सूचना अशा असाव्यात की, चौथी शिकलेल्या माणसाला वाचता येतील : ‘अटी बदलल्या आहेत. चालेल का?’ त्या दिवशी पडद्यावर एवढे पाच शब्द असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

दुसरी गोष्ट, मराठी कार्यक्रमाखाली मराठीच अक्षरे यावीत. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हा विचार मांडला, की गाण्याखाली त्याच भाषेत त्याचे शब्द दाखवले तर अर्धवट वाचता येणाऱ्या माणसाचे वाचन नकळत सुधारते. पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’ या कार्यक्रमांत तो प्रयोग झाला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची सोय आणि ज्यांना धड वाचता येत नाही त्यांची शाळा, अशी दोन्ही कामे एका ओळीने साधतात. परभाषेतील चित्रपटाखाली इंग्रजी अक्षरे हमखास मिळतात. मग मराठीखाली मराठी मिळणे अवघड का असावे?

६. चौथी अपेक्षा : पाऊसपाणी आणि पैसा

आमच्या गावी पावसाचा जोर झाला की डिशचे चित्र जाते, आणि केबल तुटली की इंटरनेट जाते. दोन्ही एकदम सहसा जात नाहीत. डिश आणि इंटरनेट दोन्ही घेणाऱ्या पेट्या आपल्याकडे काही वर्षांपासून आहेत. एक वाट बंद झाली की दुसरीकडे आपण होऊन वळणे, हे पुढच्या पेटीला यावे. ‘डीडी फ्री डिश’च्या मोफत वाहिन्याही तिच्यात याव्यात.

डेटाचेही तसेच. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे रेखीव चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत, तर फोर-के चित्राला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलच्या रोजच्या पॅकवर घर चालवणाऱ्याने हे जाणावे कसे? विजेच्या मीटरसारखा डेटाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसावा.

७. पाचवी अपेक्षा : घरची गोष्ट घरात

आपण पेटीकडे पाहतो तेव्हा पेटीही आपल्याकडे पाहत असते. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले. तिने १ कोटी १० लाख संचांवरून लोक काय पाहतात याची नोंद त्यांच्या संमतीवाचून ठेवली होती. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण संमतीची पाटी इंग्रजीत दोन पाने असेल आणि खाली ‘मान्य’ हे एकच बटण असेल, तर ती संमती कसली? हेरगिरी मुळात बंद असावी. ज्याला हवी त्याने सुरू करावी.

पेटीचा पहिला पडदा कोणाचा, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२५ च्या एप्रिलमध्ये अँड्रॉइड टीव्हीसंबंधीच्या प्रकरणात गूगलशी तडजोड मान्य केली. तीनुसार टीव्ही उत्पादकांना गूगलच्या इतर ॲपचा गठ्ठा न घेता केवळ प्ले स्टोअर शुल्क भरून घेता येईल. उत्पादकाला निवड मिळाली, ही चांगली गोष्ट झाली. आता तीच निवड घरातल्या माणसापर्यंत पोहोचावी.

समारोप

या पाचही अपेक्षांत अशक्य असे काही नाही. बहुतेक गोष्टी कोठे ना कोठे, कोणत्या ना कोणत्या पेटीत आजही आहेत. त्या एकत्र येत नाहीत, कारण पेटी घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माझी आई नसते. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना वाटते की यंत्रे हा विज्ञानशाखेचा प्रांत. परंतु चार शब्दांची सोपी सूचना लिहिणे, माणूस कोठे अडतो हे पाहणे, त्याला न लाजवता वाट दाखवणे, हे काम भाषेचे आणि समाजशास्त्राचेच आहे. तुमच्यापैकी कोणी त्या क्षेत्रात गेल्यास अवश्य जावे.

सुटी संपवून निघताना मी आईला एक कागद लिहून दिला : मोठ्या अक्षरांत, चार ओळी, बटणांच्या चित्रांसह. तो तिने टीव्हीशेजारी भिंतीला चिकटवला आहे. परवा फोनवर ती सांगत होती, “अरे, परत ती पाटी आली होती. मी घालवली.” तिच्या आवाजातला आनंद ऐकून मला बरे वाटले. पण तो कागद पेटीबरोबर खोक्यातूनच यायला हवा होता, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही.