रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय : माजी सैनिकांच्या शंका

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या मराठी घरांतून गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रं एकत्र घेतो आहे. बहुतेक पत्रं फायब्रोमायॲल्जिया आणि क्रॉनिक फटिग सिंड्रोम या दोन आजारांच्या भरपाईबद्दल आहेत. एक पत्र मात्र साताऱ्याहून आलं आहे. नावं सगळ्यांचीच वगळली आहेत.

माझे यजमान २००५ साली इराकमध्ये होते. परत आल्यावर दोनेक वर्षांनी अंग दुखायला लागलं, ते आजतागायत. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायॲल्जियाचं निदान केलं. व्हीएने, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने, मात्र ‘आजाराचा सेवेशी संबंध दिसत नाही’ म्हणून क्लेम फेटाळला. हा संबंध आम्ही कसा सिद्ध करायचा? – एक पत्नी, न्यू जर्सी

ताई, तुमच्या यजमानांना हा संबंध सिद्ध करायचाच नाही. पत्र वाचून मला संताप आला तो याच कारणाने. कायदा त्यांच्या बाजूने आहे आणि फेटाळणारा कागद त्याच्या उलट बोलतो आहे.

२ ऑगस्ट १९९० नंतर आखाती भागात तैनात राहिलेल्या सैनिकांसाठी अमेरिकी कायद्यात वेगळी तरतूद आहे. पहिल्या आखाती युद्धाला अमेरिकेचे जवळजवळ सात लाख सैनिक गेले होते. त्यांतले हजारो जण परत येऊन अंगदुखी, थकवा, पोटाच्या तक्रारी, विसराळूपणा सांगू लागले आणि तपासणीत काहीच सापडेना. ‘मनाचे खेळ’ म्हणून त्यांची वर्षानुवर्षं बोळवण झाली. २००८ साली सरकारनेच नेमलेल्या संशोधन सल्लागार समितीने स्पष्ट सांगितलं की हा आजार खरा आहे आणि त्या सैनिकांपैकी किमान चौथ्या हिश्श्याला तो आहे. नर्व्ह गॅसपासून बचावासाठी दिलेल्या गोळ्या आणि छावण्यांत वापरलेली कीटकनाशकं ही त्यामागची कारणं असल्याचंही समितीने नोंदवलं. कारण प्रत्येक माणसात वेगळं काढून दाखवता येत नाही, म्हणूनच कायद्याने ते गृहीत धरायचं ठरवलं. फायब्रोमायॲल्जिया, क्रॉनिक फटिग सिंड्रोम आणि इरिटेबल बॉवेलसारखे पचनसंस्थेचे आजार अशा गृहीत धरायच्या आजारांच्या यादीत नाव घेऊन आहेत. तैनाती त्या भागात आणि आजार सहा महिने किंवा अधिक काळ, एवढं पुरतं. पूर्वी आजार अमुक तारखेच्या आत किमान दहा टक्क्यांच्या पातळीला जायला हवा अशी अट होती. ऑगस्ट २०२२च्या पॅक्ट कायद्याने तीही गेली.

मग क्लेम फेटाळला कसा? बहुधा तपासणाऱ्या डॉक्टरला ‘हा आजार सेवेमुळे झाला का?’ असा प्रश्न पाठवला गेला, त्याने ‘शक्यता कमी’ असं लिहिलं आणि पुढच्या टेबलावर तेच उतरवलं गेलं. हा प्रश्न या आजारांत विचारायचाच नसतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७च्या अहवालात दाखवून दिलं की २०१५ साली या प्रकारचे १७ टक्केच क्लेम मंजूर झाले, इतर आजारांचे ५७ टक्के. तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी जेमतेम दहा टक्क्यांनी या विषयाचं ऐच्छिक प्रशिक्षण घेतलं होतं. चूक तुमच्या यजमानांची नाही.

निकालाच्या तारखेपासून एक वर्ष उलटलेलं नसेल तर दोन वाटा सोप्या आहेत. फाइलमध्ये सगळं असूनही कायदा चुकीचा लावला असेल तर ‘हायर लेव्हल रिव्ह्यू’ मागा. वरिष्ठ अधिकारी तीच फाइल पुन्हा पाहतो, नवा कागद घेत नाही. निदानाचा कागद किंवा तुमचं निवेदन आधी जोडलेलं नसेल तर ‘सप्लिमेंटल क्लेम’ करा. वर्षाच्या आत केलंत तर मंजुरीनंतरची थकबाकी मूळ अर्जाच्या तारखेपासून धरता येते. वर्ष उलटलं तरी सप्लिमेंटल क्लेम करता येतो, फक्त मागची थकबाकी बुडते.

आणि निवेदन तुम्ही स्वतः लिहा. ‘त्यांना खूप त्रास होतो’ या वाक्याने काही होत नाही. सकाळी उठून बिछान्याच्या कडेला किती वेळ बसून राहावं लागतं, शर्टाची बटणं कोण लावतं, मुलीला उचलून घेणं कधी बंद झालं, गाडी चालवताना मान वळवता येते का, गेल्या वर्षी कामावर किती खाडे झाले, हे लिहा. डॉक्टरच्या खोलीत सैनिक जे सांगत नाही ते घरच्या माणसाला माहीत असतं. व्हीएला असं निवेदन पुरावा म्हणून विचारात घ्यावंच लागतं.

मी नौदलात होतो. जहाज अरबी समुद्रात आणि पर्शियन आखातात होतं, पण मी किनाऱ्यावर पाय ठेवला नाही. मला ही तरतूद लागू होते का? – एक वाचक, सॅन डिएगो

होते. इराक, कुवेत, सौदी अरेबिया, बहरीन, कतार, अमिराती, ओमान यांच्याबरोबर पर्शियन आखात, ओमानचं आणि एडनचं आखात, अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि वरचं आकाशही त्या क्षेत्रात येतं. २०२२च्या कायद्याने अफगाणिस्तान, इस्राएल, इजिप्त, तुर्कस्तान, सीरिया आणि जॉर्डन इथे सेवा केलेल्यांनाही त्यात घेतलं. जहाजाच्या तैनातीची नोंद आणि त्या तारखांना तुम्ही जहाजावर असल्याचा कागद जोडा.

ज्यांची सगळी नोकरी जर्मनी, कोरिया किंवा अमेरिकेतच झाली त्यांना हे गृहीतक मिळत नाही. सेवेत काय घडलं, आज आजार काय आहे आणि दोहोंचा संबंध असण्याची शक्यता किमान निम्मी आहे, असं डॉक्टरांचं सकारण मत त्यांना लागतं.

मला क्रॉनिक फटिगसाठी फक्त दहा टक्के मिळाले. तपासणीच्या दिवशी मी बरा होतो हे खरं, पण त्यानंतर तीन दिवस मी उठलो नाही. आता काय करू? – एक वाचक, टेक्सास

या आजाराचं स्वरूप तुम्ही एका ओळीत सांगितलंत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५च्या अहवालात याच गोष्टीला आजाराचं मुख्य लक्षण मानलं : श्रम करताना माणूस उभा राहतो आणि त्याची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजतो. वीस मिनिटांच्या तपासणीत हे दिसत नाही. त्यातून शिस्तीत वाढलेला सैनिक ‘कसं काय?’ विचारल्यावर ‘ठीक आहे’ म्हणतो आणि डॉक्टर तेच लिहून घेतो. माझ्याकडे आलेल्या किती फाइली या दोन शब्दांवर अडल्या आहेत! खोटं एक अक्षर सांगू नका, पण खरं अर्धवटही सांगू नका. वाईट दिवस कसा जातो आणि महिन्यात असे किती येतात, ते न विचारता सांगा.

अपंगत्वाचे टक्के कसे ठरतात ते पाहा. क्रॉनिक फटिगला १० पासून १०० टक्क्यांपर्यंत जाता येतं. लक्षणं जवळजवळ सततची असतील तर आजारापूर्वीच्या तुलनेत रोजची कामं किती उरली, हे मोजलं जातं. निम्म्याहून कमी उरली असतील तर ६०. निम्मी ते पाऊण उरली असतील तर ४०. चढउतार असेल तर वर्षात एकूण किती आठवडे पूर्ण आडवं पडावं लागलं ते बघतात : दोन ते चार आठवडे असतील तर २०, चार ते सहा असतील तर ४०, सहा किंवा जास्त असतील तर ६०. इथे एक खाच आहे. डॉक्टरांनी बिछान्यात विश्रांती आणि उपचार सांगितले असतील तेच दिवस मोजले जातात. म्हणून आडवं पडलात की त्याच दिवशी डॉक्टरांना निरोप पाठवा आणि ‘विश्रांती घ्या’ हे त्यांच्याकडून लेखी नोंदीत येऊ द्या. सोबत साध्या वहीत रोज दोन ओळी लिहा : काय केलं, त्यानंतर काय झालं.

फायब्रोमायॲल्जियाचा हिशोब आखूड आहे आणि तो ४० टक्क्यांवर थांबतो. औषध कायम घ्यावं लागतं तर १०, त्रास येऊनजाऊन पण एक तृतीयांशाहून जास्त काळ असेल तर २०, जवळजवळ सततचा आणि उपचारांना दाद न देणारा असेल तर ४०. औषधं बदलून पाहिली, व्यायाम करून पाहिला, गुण आला नाही, हे कागदावर नसेल तर चाळीस मिळत नाहीत.

दोन्ही आजारांचं निदान असेल तर दोन्हींचे टक्के मिळतात का? – तेच वाचक

मिळू शकतात, पण एकच लक्षण दोनदा मोजता येत नाही. थकवा आणि झोपेची तक्रार दोन्हींत आहे. त्यामुळे डॉक्टरांकडून स्वच्छ लिहून घ्या की अंगभर पसरलेली वेदना आणि दाबल्यावर दुखणाऱ्या जागा या फायब्रोमायॲल्जियाच्या, आणि श्रमानंतरची गळाठ ही क्रॉनिक फटिगची. बेरीजही सरळ नसते. ६० आणि ४० मिळून शंभर होत नाहीत. साठ गेल्यावर उरलेल्या चाळिसाचे ४० टक्के म्हणजे १६, एकूण ७६, ते ८० धरतात. नोकरी टिकवणंच अशक्य झालं असेल आणि एकाच आजाराचे ६०, किंवा एकत्रित ७० व त्यांत एखादा ४०चा असेल, तर पूर्ण शंभर टक्क्यांच्या दराने भरपाई मागण्याची वेगळी सोय आहे. ती जरूर मागा.

भारतीय सेनेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. मलाही सर्वांगाला वेदना असतात. आपल्याकडे अशी यादी आहे का? – एक वाचक, सातारा

दादा, आजारांची नावं घेऊन कारण गृहीत धरणारी आखाती सैनिकांसारखी यादी आपल्याकडे नाही. तरी आधार भक्कम आहे. धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असंच धरायचं, आणि आजार सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचे कागद काढा. त्यात आजार नोंदलेला आहे का आणि टक्के २० किंवा अधिक आहेत का, हे आधी पाहा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झाला असाल तर नवे नियम लागतात, तेव्हा तारीख तपासून मगच अर्ज लिहा. सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा. विभागाकडचं अपील फेटाळलं गेलं तर मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे.

एक कंपनी क्लेम भरून देते आणि वाढलेल्या पैशांचे काही महिन्यांचे हप्ते मागते. द्यावेत का? – एक वाचक, व्हर्जिनिया

अजिबात नाही. पहिला अर्ज भरण्यासाठी कुणालाही फी घेण्याची कायद्याने परवानगी नाही. मान्यताप्राप्त वकीलही पहिला निकाल लागल्यानंतरच फी घेऊ शकतो. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात.

अर्जाची तयारी व्हायला वेळ लागणार असेल तर ‘इंटेंट टू फाइल’ आजच पाठवा. पूर्ण अर्ज भरायला त्यानंतर एक वर्ष मिळतं आणि मंजुरी मिळाली की पैसे सहसा आजच्याच तारखेपासून मोजले जातात.