एका मराठी शब्दामागील दोन इंग्रजी शब्द

इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशांत पाहिला, तो पाठही केला, आणि तरीही वाक्य चुकलें, अशी तक्रार आमचे विद्यार्थी वारंवार करितात. ती खोटी नाहीं, आणि कोशही बहुधा बरोबरच असतो. अडचण अशी कीं, मराठींतील एकाच शब्दापुढें इंग्रजी भाषा कित्येकदां दोन शब्द उभे करिते, व त्यांतील कोणता उचलावा हें मराठी शब्द सांगूं शकत नाहीं. मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. त्यानंतर पुष्कळ कोश झाले. परंतु ही निवड ज्याची त्यालाच करावी लागते.

'संशय' हाच शब्द घ्या. एखाद्या मुलाचें पेन नाहींसें होतें. शेजारच्या मुलानें तें घेतलें असावें असा त्याला संशय येतो, आणि तो मुख्याध्यापकांस इंग्रजींत अर्ज करितो: 'आय डाउट दॅट ही टुक माय पेन.' मुख्याध्यापक हें वाचून काय समजतील? त्यानें पेन घेतलें असेल असें मला वाटत नाहीं, असें! फिर्यादीनेंच आरोपीस निर्दोष ठरविलें. त्याला लिहावयाचें होतें 'आय सस्पेक्ट'. 'सस्पेक्ट' म्हणजे असें झालें असावें असा वहीम. 'डाउट' म्हणजे असें झालें असेल कीं नाहीं ह्याचीच शंका. एकाचा कल 'होय'कडे, दुसऱ्याचा 'नाहीं'कडे. पेनापुरती ही गोष्ट हंसण्यावारी नेतां येईल. परंतु हेंच वाक्य कचेरींतील लेखी तक्रारींत किंवा पोलिसांपुढील जबाबांत गेलें, तर कोणाची तरी अब्रू किंवा नोकरी त्या एका क्रियापदावर लोंबकळत राहील.

दोन्ही शब्दांचें मूळ लॅटिन आहे. 'डाउट'च्या मुळाशीं 'दोन' ह्या अर्थाचा शब्द आहे. मन दोहोंकडे ओढलें जाणें, ज्याला आपण द्विधा होणें म्हणतों, तेंच हें. 'सस्पेक्ट'च्या मुळाचा अर्थ खालून वर पाहणें. वहिमी माणूस पापण्यांखालून कसा पाहतो हें सांगावयास नको. जातां जातां एवढेंही सांगतों कीं, 'डाउट'च्या स्पेलिंगांतील मुका 'बी' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हां त्यांत नव्हता. लॅटिन मूळ डोळ्यांस दिसावें म्हणून पंडितांनीं तो मागाहून घातला, आणि त्यापायीं किती मुलांनीं छड्या खाल्ल्या असतील कोण जाणे! शेक्सपियरच्या काळीं 'डाउट' हा शब्द 'असें असावें अशी भीति वाटणें' ह्या अर्थींही चालत असे. जुने ग्रंथ वाचतांना हें ध्यानांत ठेवावें. परीक्षेंत मात्र त्याचा आधार घेऊं नये.

'नाकारणें' ह्या शब्दाची गतही अशीच आहे. वर्गणी देण्याचें नाकारलें म्हणजे 'ही डिनाइड टु पे', असें मुलें सर्रास लिहितात. तेथें 'रिफ्यूज्ड' पाहिजे. 'हें मी करणार नाहीं' म्हणणें तें 'रिफ्यूज'. 'हें खरें नाहीं' म्हणणें तें 'डिनाय'. पेत्रानें कोंबडा आरवण्यापूर्वीं तीन वेळां आपल्या गुरूची ओळख नाकारली. म्हणजे ओळख असून ती खोटी ठरविली. म्हणून इंग्रजी बायबलांत तेथें 'डिनाय' आहे. एखाद्यास त्याचा हक्क न मिळूं देणें ह्यासही 'डिनाय' चालतें, पण तेव्हां पुढें त्या वस्तूचें नांव येतें, 'टु' लावून क्रियापद येत नाहीं.

आतां 'उसनें' पाहूं. मराठींत त्यापुढें 'देणें' किंवा 'घेणें' जोडलें कीं दिशा कळते. इंग्रजींत ती दिशा क्रियापदाच्या पोटांतच असते: देणारा 'लेंड' करितो, घेणारा 'बॉरो'. 'प्लीज बॉरो मी युवर बुक' असें लिहिणाऱ्यास पुस्तक मिळालें तर तें देणाऱ्याच्या चांगुलपणामुळें. 'बॉरो'चें मूळ तारण किंवा हमी ह्या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांत आहे. हमी घेणाऱ्यानें द्यावयाची, हें लक्षांत ठेविलें म्हणजे घोटाळा होत नाहीं. परंतु ह्याच व्यवहारांत मराठी अधिक चोखंदळ आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती उसनी. वाण्याकडून पैसे न देतां आणली तर उधार. सावकाराकडून व्याजानें रक्कम काढली तर तें कर्ज. इंग्रजाला पहिल्या व तिसऱ्या दोहोंस 'बॉरो'च पुरतें. वाण्याच्या साखरेस मात्र तें लागत नाहीं. ती 'ऑन क्रेडिट' आणावी लागते. पालकांनीं घरच्या वहीवरून मुलांस हा भेद अवश्य समजावून द्यावा.

झाडाची सावली ती 'शेड' आणि माणसाची सावली ती 'शॅडो', हें बहुतेकांस ठाऊक असतें.

सुटींत विद्यार्थ्यांनीं आणखी तीन शब्द स्वतः पडताळून पाहावे. 'ऐकणें': कानीं पडलें तें कोणतें आणि कान देऊन ऐकलें तें कोणतें? 'लुटणें' आणि 'चोरणें': 'रॉब'पुढें माणूस येतो कीं पैसा, आणि 'स्टील'पुढें काय येतें? शेवटचा 'बोट': हाताचें व पायाचें ह्यांस इंग्रजींत नांवें निराळीं आहेत, मग पायाच्या अंगठ्यास 'थंब' म्हणतां येईल काय? उत्तरें वाक्यांत लिहून शाळा उघडल्यावर आम्हांस दाखवावीं.