मामाजींचा मिरग आणि अंगणातला डबा

प्रश्न : मालेगाव तालुक्यात आमची सोयाबीन-तुरीची शेती आहे. माझे सासरे, मामाजी, म्हणतात मिरग लागला की पेरा. मुलगा मोबाइलवरचा अंदाज पुढे करतो. मागे एकदा घाई केली आणि दुबार पेरणी करावी लागली. जुन्या ज्ञानाचा आज खरंच उपयोग आहे का?
– एक शेतकरी भगिनी, जि. वाशीम

उत्तर : आहे, ताई. फक्त मामाजी सांगतात तेवढंच जुनं ज्ञान नाही.

सूर्य 7-8 जूनला मृगात जातो आणि तेरा-चौदा दिवस तिथे राहतो. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोचतो. म्हणून मिरगापर्यंत वखरणी, बी-बियाणं तयार ठेवायचं, हे मामाजींचं बरोबर. पण नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने साधारण 71 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. दीड हजार वर्षांपूर्वी, वाशीम म्हणजे वत्सगुल्म ही वाकाटकांची राजधानी होती तेव्हा, मृग आजच्यापेक्षा सुमारे तीन आठवडे आधी लागत असे. त्या काळच्या शेतकऱ्याला मिरगावर पेरून चाललं नसतं.

मग तो काय पाहत असेल? मला कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ इथे फार मोलाचं वाटतं. कोठारात हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजावा, असं त्यात सांगितलं आहे. कुठे किती पाऊस पडतो तेही दिलंय : अवंतीत म्हणजे माळव्याकडे 23 द्रोण (द्रोण हे तेव्हाचं माप), आपल्या दक्षिणेला गोदाकाठच्या अश्मकात साडेतेरा. पेरणीचं बोलताना पाऊस मोजायचा, ही आपलीच रीत आहे!

तुम्हीही मोजा. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा झाडाखाली किंवा पाखेखाली न ठेवता उघड्यावर ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी फूटपट्टीने पाणी मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. कृषी विभाग 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा म्हणतो. म्हणजे सलग दिवसांची बेरीज साडेसात ते दहा सेंटिमीटर. पहिल्या सरीवर पेरलं की बी फुगतं, वर ऊन पडतं आणि अंकुर जमिनीतच वाळतो. तुमच्या दुबार पेरणीमागे बहुधा हेच असावं.

बेरीज भरली तरी वापसा बघाच. त्यात मामाजींचा हात मोबाइलपेक्षा भरवशाचा. मूठभर माती दाबली की तिचा लाडू व्हावा, बोटाने ढकलला की फुटावा. हाताला चिकटली तर थांबा.

मुलाच्या मोबाइलचं काम त्यानंतर : पुढच्या चार-पाच दिवसांत मोठी उघडीप दिसते का, एवढं त्याला पाहायला सांगा. घरचं बी असेल तर आताच शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात सत्तर उगवले तर ते बी पेरायला हरकत नाही.