काळ्या रानाला भेगा का पडतात?

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस झाला की त्याच भेगा बुजतात. बालाघाटावरच्या मुरमाड रानात असं होत नाही. मातीत असं आहे तरी काय? – एक वाचक, माजलगाव (जि. बीड)

उत्तर : पापुद्रे. दख्खनचा काळा बेसॉल्ट झिजून तुमची काळी झाली, त्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर आहे. ती पुस्तकाच्या पानांसारखी थरांची असते. एकेक पान मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढं जाड. पानाच्या आतले सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. पानापानांमधली ओढ मात्र फार दुबळी.

या ओढीचा एक भाग म्हणजे व्हॅन डर वाल्स बल. अणूतले इलेक्ट्रॉन कधी स्थिर नसतात. क्षणभर ते एका बाजूला झुकले की शेजारच्या अणूतलेही त्यांच्या प्रभावाने सरकतात आणि दोघांत किंचित ओढ निर्माण होते. अंतर थोडं वाढलं तरी ती झपाट्याने कमी होते. शंखजिऱ्याची पानं जवळजवळ एवढ्याच बळावर टिकतात, म्हणून बोटांत चोळली की सरकतात आणि गुळगुळीत लागतात.

मग पाणी मिळाल्यावर काळीसारखं शंखजिरं का फुगत नाही? खरी मेख इथे आहे. काळ्या मातीच्या पानांवर थोडा ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे त्यांच्यामध्ये कॅल्शियम, सोडियमचे धनभारित आयन येऊन बसतात. ते पानांना धरून ठेवतात खरे, पण पाण्यालाही ओढून घेतात, आणि दुबळी पकड त्याला अडवू शकत नाही. पाण्याचे दोन थर शिरले की पानांमधलं अंतर जवळजवळ दीडपट होतं. पानांच्या गठ्ठ्यांमध्येही पाणी साठतं. उन्हाळ्यात हे सगळं पाणी गेलं की अब्जावधी पानं एकदम जवळ येतात, रान आक्रसतं आणि फाटतं. अभ्रकही पानांचंच, पण त्यात भार जास्त आणि मधलं पोटॅशियम घट्ट बसलेलं, म्हणून पाण्याला वाट मिळत नाही. मुरमात तर अशी चिकणमातीच कमी.

भेगांत वरची माती पडते, पावसात खालची फुगून वर रेटते. काळी अशी स्वतःलाच नांगरत राहते. रानाला हे मानवतं, घराला नाही. म्हणून मराठवाड्यात माळवदावर पांढरी माती टाकत आले. काळ्या रानात घर बांधणार असाल, तर पाया मुरूम लागेपर्यंत खोदा.