भेंडी उगवली नाही, आता काय?

प्रश्न : जानेवारीच्या मध्यावर परसात भेंडी आणि गवार टोबली. निम्मं बी उगवलंच नाही. आता फेब्रुवारी निम्मा सरला. पुन्हा लावू का? पाणी एक दिवसाआड मिळतं.
– एक वाचक, देऊळगाव राजा

उत्तर : बी वाईट असेलच असं नाही, घाई झाली. रात्रीचा गारवा टिकून असेपर्यंत भेंडीचं बी मातीत नुसतं पडून राहतं आणि वर पाणी जास्त झालं की कुजतं. आता दिवस तापू लागलेत, बिनधास्त लावा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी सावलीत सुकवून बोटाच्या एका पेराइतकं खोल टोबा. तुमच्याकडची काळी माती वरून टणक होते, म्हणून बियांवर मातीऐवजी चाळलेलं शेणखत पसरा; कोंबाला वर यायला सोपं जातं.

जात शक्यतो ‘परभणी क्रांती’ घ्या. उन्हाळी भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा केवडा पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्याला ही जात बऱ्यापैकी दाद देत नाही. तरी एखादं झाड पिवळं दिसलंच तर माया न करता उपटा.

पाणी संध्याकाळी, बुडाशी द्या. वाफ्यावर सोयाबीनचं कुटार बोटभर जाड अंथरा, मग एक दिवसाआडचं पाणी पुरेल. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल, भांड्यांचं साबणाचं नको. गवारीला तर हात आखडताच ठेवा, लाड केले की नुसता पाला माजतो. पालक, मेथी मात्र आता नको. लगेच फुलोऱ्यावर जातील.